खाटेखालची सुपली

मी सुभद्राची सुपली बोलतेय. हळूच बोलते, कारण दारात कोण उभं आहे हे आधी पाहून घ्यायची मला सवय आहे.

बुरडाने मला विणलं, तेव्हा वाटलं होतं, तांदूळ पाखडीन. नशिबी आला तंबाखू. शहराच्या टोकाला, नंदनवनच्या पलीकडे आमची वस्ती. सुभद्रा मला मांडीवर घेऊन दिवसभर बिड्या वळायची. घर त्यावरच चालायचं, कारण तिचा नवरा रुपराव टीबीने खाटेला खिळला होता.

चौऱ्याहत्तर साली दवाखान्यात दोन उपचार ताडून पाहणं सुरू झालं. काहींना रोज सुई, काहींना आठवड्यातून दोनदा. कुणाला काय, ते चिठ्ठीवर. औषध फुकट. रुपरावच्या चिठ्ठीत रोजची सुई निघाली. सुभद्रा त्याला धरून न्यायची आणि तोवर मी घरात नुसती पडून.

मग दवाखान्याच्या चारुशीलाबाई घरोघर विचारत फिरू लागल्या, की या उपचारापायी तुमचं काय बुडतं? मी दचकलेच. फुकट देणारा खर्चाची चौकशी कशाला करेल? आमच्याकडे कुणी आपुलकीने विचारलं, की मागून काहीतरी काढून घेतलं जातं. शेजारची बायजाबाई कुजबुजलीच, "कमाई सांगू नको वं सुभद्रे! कमावते म्हटलं का औषध बंद करतीन."

झालं! सुभद्राने पायाने ढकललं आणि मी खाटेखाली.

"तुमचं काही काम बुडतं का, सुभद्राबाई?"

"मी कायचं काम करतो बाई? घरीच राहतो."

खोटं बोलली. पण औषध थांबलं असतं तर रुपराव गेला असता, म्हणून मी तिला नावं ठेवत नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टर विश्वनाथ सोबत आले. चारुशीलाबाईंना म्हणाले, "लिहा, रोज बोलावलं तरी इथे कुणाचं काही बुडत नाही. बाई रिकाम्याच असतात."

सुभद्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला ओढून तिने त्यांच्यापुढे आदळलं. तंबाखू उडाला, रुपराव खोकू लागला.

"रिकामी? बिड्या वळून काळे पडलेले हे बोटं पाहा, साहेब! अर्धा दिवस तुमच्या बाकड्यावर जाते माहा. आता करा औषध बंद!" आणि बोलून बसल्यावर घाबरून रडायलाच लागली.

चारुशीलाबाई तिच्याजवळ खाली बसल्या. "औषध बंद नाही होणार. कोणता उपचार घराला झेपतो, हेच तर आम्हाला कळत नव्हतं."

आम्हा दोघींना खरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी रुपरावला सुई मिळाली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

दोन्ही उपचारांनी माणसं सारखीच बरी झाली, आणि रोजच्या खेपांपायी घरची कमाई बुडते हेही कागदावर आलं. म्हणून पुढे सगळ्यांना आठवड्यातून दोनदाच बोलवायचं ठरलं. रुपरावच्या रोजच्या सुया तोवर संपल्या होत्या.

आता माझा तळ विरलाय. धडधाकट रुपराव माझ्यातून कोंबड्यांना कणी टाकतो. सुभद्राच्या मांडीवर नवी सुपली आहे. अनोळखी माणूस दारात दिसला, की तिचा पाय आजही नवीला आत सारतो. तुम्ही असं काही विचारायला आलात, तर बाईच्या 'काही नाही'वर जाऊ नका. जरा वाका, खाटेखाली बघा.