अर्ध्या दिवसाची सुवासिनी

कोराडीच्या रस्त्यावर कोळशाचा ट्रक उलटून पेटला, तेव्हा त्यावर धोंडबा आणि बळीराम हे दोन हमाल होते. एक जळाला, एक घाबरून पळाला. कोणता पळाला, हे सांगायला ड्रायव्हरही उरला नाही. धोंडबाची चौकशी करणारं जगात कोणी नव्हतं. बळीरामला मात्र आई होती, बायको होती आणि कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारा धाकटा भाऊ होता. घात झाला तो या भावामुळे.

अनंतला शवघरात नेलं. चेहरा नव्हताच. उजवा पाय तेवढा शाबूत होता. त्याचा अंगठा बाहेर वळलेला, लहानपणापासून हातमागाच्या पायाखालच्या पावड्या दाबून विणकरांचा होतो तसा.

"ओळखू येते का?" हवालदारानं विचारलं.

"अंगठा दादाचाच वाटतो. पण आमच्या गल्लीत सगळ्यांचाच असा आहे. धोंडबाचा होता. माझाही आहे." अनंतनं चप्पल काढून दाखवला.

हवालदार आळीपाळीनं दोन्ही अंगठे बघत राहिला. "म्हणजे हे मयत तुमीबी असू शकता?"

अनंतनं यावरही प्रामाणिकपणे विचार केला. मग म्हणाला, "पुरेसा पुरावा नसताना निर्णय देणं अविवेकाचं होईल."

प्रेत बेवारस ठरलं.

घरी आईनं, मैनाबाईनं, मुलाच्या विद्वत्तेतून आपल्यापुरता अर्थ काढला. "माहा अनंता येवढा शिकला, तो म्हन्ते काही सिद्ध झालं नाही. म्हंजे बळी पळाला!" मेलेल्या पोरापेक्षा पळपुटं पोर बरं. ती गल्लीभर अभिमानानं सांगत फिरली, "लहानपनापासूनच भित्रा गा तो. कुत्रं भुंकलं का धूम!"

बळीरामच्या बायकोनं, गोपिकानं, वर्षभर वाट पाहिली. पळालेला माणूस निदान भूक लागली की घरी येतो. मग एका संध्याकाळी तिनं कुंकू पुसलं. सकाळी सासूनं हनुवटी धरून पुन्हा लावलं. संध्याकाळी तिनं पुन्हा पुसलं. हे रोजचंच झालं तेव्हा गल्लीनं जुळवून घेतलं. हळदीकुंकवाची बोलावणी दुपारच्या आत येऊ लागली, आणि दिवेलागणीला ती समोर दिसली की लोक अपशकुन म्हणून दोन पावलं मागे सरू लागले.

"भाऊजी," ती एकदा अनंतला म्हणाली, "तुमच्या एका शब्दावर मायनं वरीस काढलं. मी अर्धी अर्धी रडून राहिली. आता पक्कं काय ते सांगा तिले. एकडाव पुरं रडू द्या मले."

निश्चयाला पुरावा लागतो, हे अनंत दरवर्षी वर्गात शिकवत असे. शंकेला काय लागतं, हे कोणत्याही पोरानं विचारलं नव्हतं. 'असूही शकतं' एवढ्यावर शंका उभी राहते, पण तिच्याखाली कोण दबतं, हे त्याच्या प्रबंधात कुठेच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आईपुढे बसला.

"माय, तो दादाच होता."

"तुले कसं माहीत?"

"अंगठा—"

"तो तं तुहाबी तसाच हाये."

"वर्ष झालं माय. असता तर आला असता."

"आजवर नाही आला म्हनून उद्या येनार नाही, हे कोन्या पुस्तकात लिवलं हाये गा? तूच तं सांगे, सूर्य उद्या निघनच याचंबी पक्कं नाही म्हनून."

इतकी तयारीची विद्यार्थिनी अनंतला कॉलेजात कधी मिळाली नव्हती.

गोपिका आतून ऐकत होती. ती उठली, बाहेर गेली, गल्लीच्या मधोमध बसली आणि मोठ्यानं गळा काढला.

सकाळची वेळ. कपाळावर सासूनं नुकतंच लावलेलं ओलं कुंकू. दारादारात बाया जमल्या. शेजारची तुळजाबाई पदर खोचून दोन पायऱ्या उतरलीही, पण कुंकू दिसताच थबकली.

"सांजच्याले रडली असती तं आमी आलो असतो वं," ती अवघडून म्हणाली. "आता कसं यावं?"

एकही बाई पुढे आली नाही. अनंत तेवढा गेला, तिच्याजवळ उकिडवा बसला. "वहिनी, पुरावा नसला तरी—"

"मलेबी माहीत नाही, भाऊजी. पन मी थकली." तिनं डोळे पुसले नाहीत. "जा तुमी. कॉलेजाची वेळ झाली."

अनंतनं घड्याळात पाहिलं. झाली होती. त्यानं सायकल काढली, आणि ती रडत बसली होती तिथून बाजूनं, चाक लागू न देता, जपून पुढे नेली.