मामांच्या चिमट्यातले किडे

मामांच्या सलूनला दार एक, खुर्च्या दोन आणि बाहेर लिंबाचं एक झाड. नंबर येईपर्यंत गिऱ्हाइकं झाडाखालच्या बाकावर बसत आणि जगाचे निकाल लावत. झाड नसतं तर उन्हात कोण थांबलं असतं? पलीकडच्या गल्लीत गार हवेचं नवं सलून होतंच. म्हणून झाडाचं एक पान पिवळं पडलं तरी मामांचा चेहरा उतरायचा.

आणि आता झाडावरून चिकट थेंब गळू लागले होते. बाकावर, गिऱ्हाइकांच्या टकलावर आणि मुख्य म्हणजे घरमालकांच्या कोऱ्या स्कूटरवर.

"मामा, काल पँट सीटला चिकटली," घरमालक म्हणाले. "बँकेसमोर उतरताना चारचौघांत आवाज झाला. टर्रर्र! दोन आठवडे देतो. गळणं थांबलं नाही तर रविवारी माणूस आणून झाड कापतो."

मामा कामाला लागले. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ते चष्मा लावून स्टुलावर चढत. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात मानेवरचे केस झटकायचा ब्रश. झाडावर त्यांना तीन तऱ्हेची मंडळी दिसली. कोवळ्या पानांखाली तिळाएवढे हिरवे जीव दाटीवाटीनं बसले होते. कुणाच्या अध्यात ना मध्यात. मुंग्या रांगेत शिस्तीनं वर-खाली करत होत्या. मामांना त्यांचं फार कौतुक वाटलं. तिसरे मात्र काळे, काटेरी, अंगावर नारिंगी डाग, मगरीच्या पिल्लासारखे. तोंडवळ्यावरूनच गुन्हेगार! मामांनी चिमट्यानं त्यांना एकेक करून उचललं. जीव घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी ते कुंपणापलीकडे, घरमालकांच्या गुलाबांवर सोडून दिले. तेवढाच जरा सूड.

सहा दिवस झाले. थेंब दुप्पट झाले.

सातव्या दिवशी मामांची थोरली बहीण आली. ताईंनी पंचवीस वर्षं सार्वजनिक बागेत माळीकाम केलं होतं.

"काय रे, झाडाची दाढी करतोस?"

"किडे वेचतोय, ताई. हा बघ, कसला भयानक आहे!"

ताईंनी चष्मा वर सरकवला आणि चिमट्याकडे निरखून पाहिलं. "अरे करंट्या, हे ढालकिड्याचं पोर! लाल पाठीवर काळे ठिपके असलेला गोल किडा, लहानपणी काडेपेटीत घालून शाळेत न्यायचास, त्याचं."

"छे! आईबाप इतके देखणे आणि पोर असं?"

"तू तीन महिन्यांचा असताना कसा दिसायचास, ते मला विचार."

बाकावरचे दोघे फिसकन हसले.

"आणि हे हिरवे गरीब दिसतात ना," ताई म्हणाल्या, "हा मावा. सोंड खुपसून झाडाचा रस पितो. इतका पितो की अंगी लागत नाही, मग मागून गोड पाणी सोडतो."

"म्हणजे हे जे गळतंय ते..." बाकावरच्या टकलू गिऱ्हाइकानं विचारलं.

"तेच."

टकलू गिऱ्हाईक उठून नळाकडे धावलं.

"पण मुंग्या तर साफसफाई करतात ना?" मामांचा आवाज बारीक झाला होता.

"मुंग्या गुराखी आहेत. मावा म्हणजे त्यांच्या गायी. मिशांनी गोंजारतात आणि गोड पाणी काढून घेतात. ढालकिड्याचं पोर जवळ आलं की चावून हाकलतात, कारण ते दिवसाला कितीतरी मावा फस्त करतं. तू गुराख्यांना सलाम ठोकलास आणि वाघांना तडीपार केलंस!"

"मग औषध फवारू?"

"त्यानं वाघही मरतील. मावा आठवड्यात पुन्हा भरेल, त्याची पोरं भराभर होतात. वाघांना वेळ लागतो. मुंग्यांची वाट अडव आणि ती पोरं परत आण. कुठे टाकलीस?"

मामांनी कुंपणाकडे बोट दाखवलं. ताईंनी कपाळावर हात मारला.

दुपारी मामा पावडरचा रिकामा डबा घेऊन घरमालकांच्या दारात उभे राहिले. "मालक, तुमच्या गुलाबांवर किडे दिसले. काढून देऊ?"

"फुकट?" घरमालकांनी संशयानं पाहिलं.

"फुकट."

"बघा, शेजारी असावा तर असा! यंदा गुलाब काय फुललेत, मामा! एकही कळी किडलेली नाही."

मामांनी मान खाली घातली आणि ब्रशनं तेवीस पोरं डब्यात गोळा केली. संध्याकाळी त्यांनी गिऱ्हाइकाच्या मानेला लावायची कागदी पट्टी झाडाच्या बुंध्याला गुंडाळली, तिच्यावर बोटभर जाड व्हॅसलीन फासलं, मुंग्यांना आडवाट उरू नये म्हणून भिंतीला टेकलेली एक फांदी छाटली आणि डब्यातली पोरं पानांवर सोडली. मुंग्या पट्टीपाशी येत, थबकत, आणि रस्ता बंद झालेल्या मिरवणुकीसारख्या गोंधळत. वर पोरांची मेजवानी सुरू झाली.

मुदत संपली त्या रविवारी घरमालक आले. मागे करवत घेतलेला माणूस. पण घरमालक स्कूटरकडे न जाता तडक खुर्चीकडे आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"मामा! गुलाबांवर काय करून ठेवलंत? कळ्या हिरव्या किड्यांनी भरल्यात!"

मामांनी त्यांना खुर्चीत बसवलं, गालांना फेस लावला आणि वस्तरा हातात घेऊन सगळं खरं सांगून टाकलं. वस्तरा गळ्याशी असल्यामुळे घरमालकांना ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागलं.

"म्हणजे माझे किडे तुम्ही पळवलेत!"

"तुमचे कुठले? माझे मी तुमच्याकडे टाकले होते."

"ते काही नाही. ताबडतोब परत करा."

"आता ते कोशात जातायत, मालक. पानाला चिकटून बसलेत. आठवडाभरात पंख फुटले की आपले आपण उडतील, आणि मावा दिसेल तिथे जातील. कुंपणाच्या पलीकडेही." मामांनी वस्तरा पुसला. "अर्थात झाड आज कापलं तर कोश झाडाबरोबरच जातील."

घरमालक उठले. एका गालावरच्या फेसासकट, गळ्यातल्या कापडासकट बाहेर गेले. त्यांनी स्कूटरच्या सीटवर तळहात दाबला आणि उचलला. आवाज झाला नाही. मग त्यांनी मान वर करून पानांखाली चिकटलेले नारिंगी ठिपके मोजले. एकोणीस.

इतक्यात करवतवाल्यानं कंटाळून बुंध्याला पाठ टेकली.

"अहो, सरका तिथून!" घरमालक ओरडले. "पट्टी निघेल ना! अक्कल आहे का नाही?"

"मग कापायचं काय?" करवतवाल्यानं विचारलं.

मामांनी दारातूनच त्याच्या वाढलेल्या केसांकडे पाहिलं. "बसा त्या बाकावर. मालकांचा उरलेला गाल झाला की तुमचा नंबर."