अंगण झाडू नका

पाहुणे येणार म्हटल्यावर माणूस आधी काय करतो? झाडू हातात घेतो. निर्मलानेही तेच केलं, आणि तिथेच सगळं बिनसलं.

पाहुणे साधेसुधे नव्हते. मुंबईच्या डिझायनर सारिका मॅडम आणि त्यांच्याबरोबर कॅमेरा, माइक घेतलेली माणसं. टाकाऊतून नवं घडवणाऱ्या डिझायनरांवर मोबाइलवर बघायची एक मोठी गोष्ट तयार होणार होती. बोटाने वर सरकवायचं, की फोटो, मग व्हिडिओ, आणि बटण दाबलं की माणूस स्वतःच्या आवाजात बोलणार! संघरत्नाला ऐकूनच पंख फुटले. कारण मॅडम ज्या टोपल्या मुंबईत विकायच्या, त्या तिच्या आईच्या, म्हणजे निर्मलाच्या हातच्या होत्या.

निर्मला मुरबाडच्या एमआयडीसीत झाडलोट करायची. खोक्यांना आवळलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या तिथे ढिगाने फेकून देत. त्या ती सापगावला घरी आणायची, पुसून रंगारंगाच्या जुड्या बांधायची आणि विणायची. पट्टीच्या टोपल्या काय, कुणीही विणतं. पण भरून उचलल्या की त्यांचं बूड लोंबतं. निर्मलाने तीन वर्षं उसवून उसवून बुडात आठ टोकांची चांदणी बसवली. आता दहा किलो कांदे भरा नाहीतर पाटा ठेवा, बूड जागचं हलत नव्हतं.

"आई, कॅमेऱ्यापुढे एकच वाक्य बोलायचं," संघरत्नाने फर्मान काढलं. ती दहावीत. यंदाच वक्तृत्वात पहिली आलेली, त्यामुळे सध्या भिंतीकडूनही तिने भाषण करून घेतलं असतं. "म्हण, माझं नाव निर्मला महादू रोकडे. हे चांदणीचं बूड मी शोधलं."

"शोधलं? हरवलं होतं का गो?"

"आई! जगाला कळायला नको, ही कोणाची अक्कल ते?"

निर्मला हसली. पण आठ दिवस भाकऱ्या थापताना ती ते वाक्य पुटपुटत होती, हे संघरत्नाने ऐकलं होतं.

त्या सकाळी दोघींनी अंगण लख्ख झाडलं, सारवलं. पट्ट्यांच्या जुड्या शेजारच्या गोजाबाईच्या पडवीत नेऊन ठेवल्या. रांगोळी काढली. गाडीतून उतरल्या उतरल्या मॅडमचा चेहरा पडला.

"मावशी, कचरा कुठंय?"

"काढला ना. तुमी येणार म्हणून."

मॅडमनी कॅमेरावाल्याकडे बघितलं. त्याने मान हलवली. "आधीचं काहीतरी दाखवावं लागेल ना. हे तर एकदम स्वच्छ आहे."

तासाभरात शहापूरहून टेम्पो आला आणि रांगोळीवरच रिकामा झाला. गुटख्याच्या पुड्या, लहान मुलांचे ओले डायपर, नासलेल्या भाताच्या थर्माकोलच्या ताटल्या. "शूटिंग झालं की लगेच उचलतो हं, मावशी," मॅडम म्हणाल्या आणि निर्मलाला त्या ढिगाच्या मधोमध विणायला बसवलं. नाकाला पदर लावायचा नाही. फ्रेम बिघडते.

कुडापाशी बघ्यांची ही गर्दी. गोजाबाईच्या तोंडाला कुठलं कुलूप!

"काय गो निर्मला, कंपनीनं बढती दिली का काय? आता कचरा घरपोच!"

सगळे खिदळले. निर्मलाने तोंड उघडलं. "माझं नाव निर्मला..." ओठावर माशी बसली. पुन्हा. "माझं नाव..." मागून कुणीतरी हसलं. चार वेळा सुरुवात केली, चारही वेळा अडकली.

"राहू दे," मॅडम म्हणाल्या. "हातच इतके बोलके आहेत!"

"मॅडम, आईचं वाक्य राहिलं!" संघरत्ना गाडीमागे पळाली.

"एडिटिंगमध्ये बघू हं, बेटा."

टेम्पो दुसऱ्या भाड्याला कधीच गेला होता. आज उचलतील, उद्या उचलतील म्हणत ढीग तिथेच राहिला.

महिन्याने लिंक आली. संघरत्नाने बोटाने वर सरकवायला सुरुवात केली. आधी मॅडम. टोपली उलटी धरून चांदणीवर बोट ठेवून सांगत होत्या, "हा तारा मला एका खेड्यातल्या कचऱ्यात दिसला." मग तो ढीग. मग आईचे हात, नुसते मनगटापर्यंत. खाली लिहिलेलं, 'शहापूरजवळचं एक गाव.' बाजूला आवाजाचं बटण. तिने दाबलं. पट्ट्यांची करकर, आणि शेवटी आईचा खोकला.

"आलं का गो माझं वाक्य?"

संघरत्नाने फोन पालथा ठेवला. "नाय. हात आले."

"आणि नाव?"

"नाय."

निर्मलाने गोणी उचलली. दोन रविवार मायलेकी तो ढीग भरून वाहत होत्या. शाळेतली पोरं आताशा वेफर्सची रिकामी पाकिटं संघरत्नाच्या बाकावर ठेवत होती, "तुमच्या अंगणात टाक" म्हणून. शेवटची गोणी बांधताना निर्मला एवढंच म्हणाली, "एवढ्या ढिगात एक पट्टी नाय बघ. माझ्या कामाचं कायपण नाय."

सोमवारी अंगण पुन्हा सारवलेलं होतं. फोन वाजला. सारिका मॅडम. गोष्ट फार गाजली होती, दुसरा भाग करायचा होता, शनिवारी परदेशी पाहुणे येणार होते.

संघरत्ना कडाडणार, तोच निर्मलाने फोन ओढून घेतला. ताठ उभी राहिली.

"माझं नाव निर्मला महादू रोकडे. हे चांदणीचं बूड मी शोधलं."

एका दमात. कुठेही न अडकता.

पलीकडून मॅडम गोड हसल्या. "हो हो मावशी, माहितीये ना मला! फक्त एवढं करा, या वेळी अंगण झाडू नका."

निर्मलाने फोन लेकीच्या हातात दिला, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि जिथे एक पान नव्हतं ते अंगण झाडायला लागली. इतक्या जोरात, की सारवणाचे पोपडे निघाले.