सलूनबाहेरची सायकल

मी सायकल बोलते आहे. शर्यतीची नव्हे, रोजच्या, सावकाश, सुखाच्या रपेटीची. चढताना पाय उंच टाकावा लागू नये म्हणून माझा दांडा खाली वाकवलेला. पाठ ताठ राहावी म्हणून हँडल मागे वळवलेले. रुंद सीटखाली स्प्रिंगा, साखळीवर पूर्ण झाकण, चढासाठी तीन गिअर. ही फुशारकी नव्हे. पुढे जे घडले त्यात माझ्यात खोट काढली जाऊ नये, एवढ्यासाठी सांगते.

काकूंनी मला काकांसाठी घेतले. काका हृदयाच्या दुखण्यातून नुकतेच उठले होते. रोज सायकल चालवा, असे डॉक्टरांनी बजावले होते. काकूंनी दुकानात स्वतः बसून पाहिले, ब्रेक दाबून पाहिले, मगच मान डोलावली.

काका रोज सकाळी ऐटीत घंटी वाजवून निघत आणि वळणावरच्या सलूनशी उतरत. माझ्या सीटपेक्षा तिथली खुर्ची त्यांना मऊ वाटे. वर्तमानपत्र आणि चकाट्या आटोपल्या की सलूनवाला केस भिजवायच्या फवाऱ्याने त्यांची कॉलर ओली करून देई. घरी दाखवायचा घाम तो हाच. एकदा तो म्हणाला, “काका, सायकलची तब्येत मात्र झकास राखलीत हो!” दोघे पोट धरून हसले. मी बाहेर भिंतीला टेकून ऐकत होते.

घरी आल्यावर टेकडीचा चढ कसा सर केला, याचे वर्णन चाले. काकू कौतुकाने ऐकत मला पुसत. मला घंटी आहे. पण ती दुसऱ्याने वाजवावी लागते.

एके दिवशी काकूंचा फडका गिअरच्या खटक्यावर थबकला. दुकानदाराने त्यावर चिकटवलेली कागदी पट्टी जशीच्या तशी होती.

“अहो, गिअर न बदलता टेकडी चढता?”

“सवय झाली गं आता.”

काकूंनी पट्टीवरून बोट फिरवले. मग हलकेच म्हणाल्या, “तुम्ही रोज चढता, असं डॉक्टरांना मीच सांगितलं. माझ्या शब्दावर त्यांनी गोळी कमी केली.”

काकांच्या कॉलरवरून पाणी ठिबकत होते.

त्याच दिवशी काकूंनी त्यांना दवाखान्यात नेले. गोळी पूर्ववत झाली. मला मात्र त्यानंतर कुणी पुसले नाही. मी खोटे बोलले नव्हते. मला फक्त खोट्याच्या बाजूने उभे केले होते.

आता जिन्याखाली धूळ खाते आहे. मला विका, मोडीत घाला, चालेल. पण पुन्हा साक्षीला उभी करू नका. आणि जमलेच, तर कुणीतरी ती पट्टी फाडा, मला टेकडीवर न्या. चढ कसा असतो, हे मी अजून फक्त काकांच्या तोंडून ऐकले आहे.