बुडायचं कुणी?

रेडिओच्या वर्गात मी नातंगोतं ठेवत नाही. म्हणून सख्खा मामा पहिल्या बाकावर येऊन बसला, तेव्हा त्याला मी "तुम्ही" म्हटलं. तो म्हणाला, "डोक्यावर पडलीस का गं?" वर्ग खो खो हसला. झाली शिस्त!

मामाची मासेमारीची बोट आहे. नवा नियम असा, की बोटीवर रेडिओ चालवण्याचं प्रमाणपत्र असलेला एक तरी माणूस हवा. नाहीतर बोट धक्क्यालाच बांधून ठेवा. त्याचे खलाशी अक्षरशत्रू, तेव्हा मामालाच परीक्षेला बसणं भाग होतं. नापास झाला तर बोट धक्क्याला आणि मामा घरात. मामी गेल्यापासून तो घरात फक्त झोपायला येतो. दिवसभर त्या घरात बसला असता तर वेडा झाला असता.

आमच्याकडे शेजारशेजारच्या खोल्यांत दोन संच आहेत. त्यांना एरियल नाही, म्हणून आमची बोंबाबोंब इमारतीबाहेर जात नाही. मामा शिकला पटकन. बोलणं संपलं की "ओव्हर" म्हणायचं, हे तर इतकं अंगात भिनलं की आमच्या घरी जेवतानाही "मीठ कमी आहे. ओव्हर," सुरू झालं.

अडलं ते संकटाच्या हाकेवर. तीनदा मेडे, तीनदा बोटीचं नाव, मग ठिकाण, मग काय झालंय ते. मामा मेडे म्हणायचा आणि गप्प बसायचा. बोटीला मामीचं नाव आहे.

"तिचं नाव घेऊन 'बुडतेय' म्हणू? जमणार नाही."

"अरे, खोटं खोटं आहे ते!"

"खोटं असलं म्हणून काय झालं? शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली, त्यातली गत. आग नाही, भोक नाही, काही नाही. तिला काही झालेलं नाही."

मी हात टेकले. सरावापुरतं दुसऱ्या बोटीचं नाव दिलं, तर गडी पोपटासारखा बोलला. पण परीक्षक बाहेरून येतो, आणि तो बोटीचं खरं नावच मागतो. भीतीने बोबडी वळते तेव्हा सवयीचं तेवढंच तोंडातून निघतं, असं परीक्षकाचं म्हणणं. चूक नाही ते, पण त्या दिवशी मला त्याचा भयंकर राग आला.

परीक्षक पलीकडच्या खोलीत बसला. मी मामाशेजारी, तोंडाला कुलूप लावून. संचातून आवाज आला, "संकट कुठलंही घ्या. बोट मात्र स्वतःची. ओव्हर."

मामाने बटण दाबलं. "मेडे, मेडे, मेडे." मग थांबला. मी मनात म्हटलं, संपलं. आणि त्याने मामीचं नाव घेतलं. तीनदा, स्वच्छ. ठिकाणही बिनचूक सांगितलं. मग म्हणाला, "बोट ठणठणीत आहे. मालक पाण्यात पडलाय. मी त्याची भाची बोलतेय. शोधायला मदत हवी. बोटीवर आम्ही तिघं आहोत. पडलेला माणूस उंच आहे, सदरा निळा. माझ्या मामाला पोहता येत नाही. लवकर या. ओव्हर."

पलीकडून हाक पोचल्याचं उत्तर आलं. मग परीक्षक स्वतःच दारात आला. "हे भाचीचं काय काढलंत?"

"मी पाण्यात, मग बोलणार कोण? खलाशी तर रडत बसतील."

परीक्षकाने माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे. "काही सुटलेलं नाही," म्हणाला, आणि सही केली.

बाहेर आल्यावर मी मामाचा दंड धरला. "तुला पोहता येत नाही?"

"नाही."

"जन्म समुद्रावर गेला तुझा! आणि हे मला आज कळतंय?" मला रडूही येत होतं आणि त्याच्या एक थोबाडीत द्यावीशीही वाटत होती. "कुणालाच सांगितलं नाहीस?"

"तुझ्या मामीला माहीत होतं," मामा म्हणाला. "नाहीतर मी परतेपर्यंत ती रोज धक्क्यावर काय हवा खायला उभी राहायची?"