दिसेल असा श्वास

आमच्या छटाकीचं आयुष्य मोजायचं आहे, असं दवाखान्यातून फोनवर सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. वेळेआधी जन्मलेली मुलं शाळेच्या वयात कशी जगतात, त्यांच्या जगण्याचा दर्जा काय, याचा अभ्यास चाललाय म्हणे. दर्जा? पोर आहे की कापडाचा तागा? जन्मल्यापासून तिचं वजन, उंची, डोक्याचा घेर, रक्तातला ऑक्सिजन, सगळं मोजून झालं होतं. एवढंच काय ते राहिलं होतं.

ती जवळजवळ तीन महिने आधी आली. काचेच्या पेटीत तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिचे बाबा "छटाकभर आहे गं," म्हणून रडता रडता हसले, आणि तेच नाव पडलं. आता नऊ वर्षांची आहे. अंगाने अजून छटाकभरच, बडबड मात्र मणभर.

तरी मी तिला घेऊन गेले, कारण माझा त्यात स्वार्थ होता. शाळेची सहल निघणार होती, तळ्याकाठी दोन रात्री मुक्काम. छटाकीने माझं डोकं खाल्लं होतं आणि मी नाही म्हणून हटून बसले होते. दुसऱ्या दिवशी शाळेला कळवायचं होतं. मुलगी नाजूक आहे असं दवाखान्यानेच एकदा सांगितलं, की नकाराचं खापर त्यांच्या डोक्यावर फोडून मी मोकळी.

खोली वरच्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला. प्रश्न विचारणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या, चष्मा केसांत खोचलेला. त्यांनी मला प्रश्नांचा कागद देऊन बाहेरच्या टेबलाशी बसवलं आणि छटाकीला आतल्या खोलीत नेऊ लागल्या.

"तिला कशाला? मी सांगते ना तिचं सगळं," मी म्हटलं. "नऊ वर्षं मीच सांगतेय."

"प्रश्न दोघींना तेच आहेत," बाई म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटतं ते तुम्ही सांगा. तिला काय वाटतं ते ती सांगेल."

मी पेन्सिल उचलली आणि दणादण खुणा करत सुटले. धावताना त्रास होतो का? नेहमी. जिने चढताना? नेहमी. इतर मुलांच्या मागे पडते का? नेहमी. झोपेचा त्रास होतो का? इथे मात्र मी ऐटीत 'कधीच नाही'वर खूण केली. कारण ते मला पक्कं ठाऊक होतं.

पेटीत असताना ती मधेच श्वास घ्यायला विसरायची. मशीन ओरडायचं, मग नर्स तळपायाला टिचकी मारायची की पुन्हा सुरू. घरी आलो तेव्हा मशीन तिथेच राहिलं आणि त्याची नोकरी मी धरली. अजूनही रोज रात्री उठून मी तिच्या नाकाखाली बोट धरते. ती गाढ झोपलेली असते, श्वास खणखणीत, पोट कसं छान वरखाली होत असतं. ते पाहिलं की मी निश्चिंत जाऊन पडते.

दाराला काच होती. आतलं ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. बाई प्रश्न विचारायच्या आणि गप्प बसायच्या. छटाकी पाय हलवी, छताकडे बघे, पेन्सिल चावी. एवढ्यात मी तीनदा उत्तर देऊन मोकळी झाले असते. बाई मानही डोलवत नव्हत्या. मी शिवणकाम करते. कमरेला टेप लावला की गिऱ्हाईक हमखास पोट आत ओढतं, आणि मग कपडा घट्ट झाला म्हणून माझ्याच नावाने बोटं मोडतं. म्हणून मी इकडच्या तिकडच्या गप्पा मारते, श्वास सैल होऊ देते, मग माप घेते. या बाई टेपाशिवाय तेच करत होत्या. मघाचा माझा राग तिथेच निम्मा उतरला. मानलं त्यांना.

त्या बाहेर आल्यावर मी हात पुढे केला. "बघू, काय म्हणाली ती?"

"तिची उत्तरं मी दाखवणार नाही."

"अहो, मी आई आहे तिची!"

"हो ना. तुमचीही तिला दाखवणार नाही."

माझा पारा परत चढला. "धावताना त्रास होतो, एवढं तरी म्हणाली असेलच की!"

"मी 'कधीच नाही' म्हटलं," मागून छटाकी म्हणाली.

"खोटं नको बोलू. धाप लागते तुला."

"लागते की. मग मी थांबते. गेली की परत पळते. त्यात त्रास कसला?"

"मग तुला कशाचाच त्रास नाही का?"

"झोपेचा आहे." तिने बाईंकडे पाहिलं. "सांगू?"

"तुझं आहे ते. वाटलं तर सांग."

छटाकी माझ्याजवळ आली. "तू बोट लावतेस ना, तेव्हा मला जाग येते. मग मी पोट मोठं मोठं करून श्वास घेते. म्हणजे तुला अंधारात नीट दिसतं."

"अगं, मग डोळे का नाही उघडत?"

"उघडले की तू विचारत बसतेस, काय होतंय, कुठे दुखतंय. मग तू झोपतच नाहीस. पोट हलवलं की लगेच जातेस."

मला रडू आलं, लाज वाटली, आणि अभिमानाने ऊर भरून आला. जी श्वास घ्यायला विसरायची, ती पोर रोज रात्री माझ्यासाठी जास्तीचा श्वास घेत होती.

"माझं झोपेचं उत्तर बदलायचंय मला," मी बाईंना म्हटलं.

"नाही बदलता येणार. तुम्हाला दिसत होतं ते तुम्ही लिहिलंत."

"पण दोघींची मापं जुळत नाहीत!"

"म्हणून तर दोन घेतो," त्या म्हणाल्या आणि छटाकीच्या हातातली चावलेली पेन्सिल तिलाच देऊन टाकली.

जिना उतरताना छटाकीने माझा हात धरला. "सहलीचं काय? जाऊ देत नसशील तर राहू दे. मी नसले तर तू रात्री कुणाचा श्वास बघणार?"

"तुझ्या बाबांचा."

"त्यांचा बघायला कशाला लागतोय? शेजाऱ्यांनाही ऐकू जातो!"

दोघी जिन्यातच खिदळत बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत जाऊन होकार देऊन आले.

सहलीच्या दिवशी बस शाळेच्या फाटकाशी उभी होती. छटाकीने खिडकीची जागा पटकावली होती. बाकीची मुलं हात हलवत होती, ही मात्र सीटवर उभी राहिली, दोन्ही हात पोटावर ठेवले आणि श्वास घेतला. पोट एवढं फुगवलं की सदऱ्याचं बटण ताणलं, मग सोडलं, मग पुन्हा.

बस सुरू झाली. मग मीही रस्त्याच्या मधोमध उभी राहून छाती भरून श्वास घेतला, तिला खिडकीतून नीट दिसेल असा.