पाच फुटी काठी

तालमीच्या फळ्यावर चुकीचं लिहिलंय असं मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीत कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. कोण वारलं, पाणी किती वाजता सुटणार, ड्रेनेज कुठं उकरलंय, सगळं त्या फळ्यावर. २००४ च्या उन्हाळ्यात तर माणसं तोंड धुवायच्या आधी फळा बघून येत, कारण गल्लीचा रस्ता तीस फुटी होणार होता आणि कुणाचं घर किती जाणार ते तिथं नावानिशी लिहिलेलं होतं.

पालिकेचा माणूस आला आणि रस्त्याच्या मधोमध ओळीनं खिळे मारून गेला. खिळ्यापासून दोन्हीकडं पंधरा-पंधरा फूट. त्यात जे येईल ते महिनाअखेरपर्यंत ज्याचं त्यानं काढून घ्यावं, नंतर मशीन येईल, एवढंच सांगून तो पुढच्या गल्लीत वळला. मशीनचा गल्लीला अनुभव होता. त्याला दोन इंच काढ म्हटलं की ते दोन खण काढतं आणि वर तिसऱ्याला तडा देऊन जातं.

मोजायचं कुणी, यावरून तालमीत तासभर खडाजंगी झाली. टेप घरोघरी होते, पण जो तो आपला टेप आपल्या सोयीनं ताणत होता. शेवटी तालमीचे अध्यक्ष बाळासो यांनी खडू उचलला आणि धोंडीराम कांबळेच्या हातात ठेवला. तीस वर्षं शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत लाकडाचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, केलेला माणूस, सूतभर इकडचं तिकडं खपवून न घेणारा. हा मोजेल ते माप, असं बाळासोंनी सांगितलं आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

गल्लीत बौद्धांचं घर हे एकच. नोकरीला लागल्यावर धोंडीरामनं ते घेतलं, तेव्हा याच तालमीच्या पायरीवर त्याला कुणी बस म्हणालं नव्हतं. आता तालमीचा खडू त्याच्या खिशात होता. तो हे कधी बोलून दाखवत नसे, पण दिवसातून चारदा खिसा चाचपत असे.

कापडी टेपावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. त्यानं सागवानाची पाच फुटी काठी रंधा मारून तयार केली, पेटीतली आपली जुनी पोलादी पट्टी लावून तिच्यावर फूट-इंच कोरले आणि खिळ्यापासून तीन-तीन काठ्या टाकत दोन दिवसांत सगळी गल्ली मोजली. दारोदार गेरूच्या खुणा झाल्या, फळ्यावर यादी आली. बाळासोंचा सोपा, म्हणजे पुढची ओसरी, अडीच फूट. समोरच्या शांतादेवीची भिंत दीड इंच. आणि खुद्द धोंडीरामची एक इंच.

एका इंचासाठी घर फोडू नका, निदान कुणाच्या तरी टेपानं पुन्हा बघा, असं त्याची बायको मीनाबाई काकुळतीला येऊन म्हणाली होती. ती भिंत दोघांनी हातानं बांधलेली. पाणी तिनं वाहिलं होतं, थर त्यानं रचले होते. पण लोकांची घरं पाडायला लावायची आणि आपली भिंत राखायची, हे धोंडीरामच्यानं होईना. माझी पट्टी आजवर चुकली नाही, असं म्हणून त्यानं पहिला घण स्वतः घातला. तेव्हापासून घराला पुढून ताडपत्री होती आणि मीनाबाई कामापुरतंच बोलत होती.

शांतादेवीचं दुखणं याहून मोठं होतं. नवरा शिवमूर्ती गेल्यावर तिनं मिरची-मसाल्याच्या दुकानावर घर ओढलेलं. माडीची तुळई नेमकी पुढच्या भिंतीवर टेकलेली. भिंत गेली की माडी उतरवायची, आणि माडीवर तिचा मुलगा वीरेश नव्या बायकोला घेऊन राहत होता. माडी गेली तर आम्ही शिरोलीला खोली बघतो, असं त्यानं सांगूनच टाकलं होतं. दीड इंचापायी बाई घरात एकटी पडणार होती. तरी तिनं धोंडीरामला शब्दानं दुखावलं नाही; ज्यानं आधी आपली भिंत पाडली त्याला मी काय बोलू, असं ती म्हणायची. सोमवारी घराला घण लावायचा नाही म्हणून तिनं मंगळवार धरला. सकाळी अकराला, पूजा आटोपली की.

त्याच मंगळवारी दहाच्या सुमाराला धोंडीराम लक्ष्मीपुरीत एका दुकानदाराशी भांडत होता. नव्या भिंतीसाठी त्यानं पाच फुटी लोखंडी खिडकीची चौकट सांगितली होती. काठी लावली तर पाच सूत कमी. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. दुसऱ्या कुणाला तो फरक दिसलाही नसता, पण धोंडीरामनं दुकान डोक्यावर घेतलं. दुकानदार थंड माणूस. त्यानं आपला पोलादी टेप लावून दाखवला, मग शेजारच्या दुकानातून दुसरा आणवला. दोन्हींवर पाच फूट बरोबर.

मग त्यानं टेप धोंडीरामच्याच काठीला लावला. "पावणं, काठीच लांब हाय तुमची," तो म्हणाला. "फुटामागं एक सूत."

फुटामागं एक सूत. धोंडीरामला पेटीतली ती पट्टी आठवली. ओतलेलं लोखंड निवताना आकसतं, फुटामागं एक सूत. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा असतो. दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टीच मोठी बनवलेली असते. तिच्यावरचं फूट बाजारातल्या फुटापेक्षा सूतभर लांब. शिकाऊ होता तेव्हा पहिल्याच दिवशी त्याला हे सांगितलेलं. नंतर तीस वर्षं त्यानं दुसरी पट्टी हातात धरली नाही आणि पुढंपुढं त्याच्या लेखी तेच खरं फूट होऊन बसलं.

पंधरा फुटांना पंधरा सूत, म्हणजे जवळजवळ दोन इंच. शांतादेवीची भिंत रेषेच्या आत नव्हतीच, तीन सूत बाहेर होती. स्वतःच्या भिंतीचा हिशेबही डोक्यात सुरू झाला, तो त्यानं तिथंच दाबला. चौकट टाकून, काठी सायकलच्या दांड्याला बांधून तो निघाला.

बिंदू चौकात एक ट्रक आडवा अडकला होता. तिथं एक पाय टेकून उभं असताना धोंडीरामच्या मनात पाप आलं. पोचायला अर्धा तास उशीर झाला, तर भिंत पडलेली असेल. पडलेली भिंत कोण मोजतंय? रस्ता दोन इंच जास्त रुंद झाला म्हणून पालिका काही तक्रार करणार नाही. काठी चुलीत जाईल आणि खडू खिशात राहील. आपला जीव भिंतीपेक्षा त्या खडूत जास्त अडकलाय, हे कळलं तेव्हा त्याला स्वतःची शिसारी आली. त्यानं सायकल उचलून फुटपाथावरून काढली आणि मिरजकर तिकटीपर्यंत कुठं म्हणून ब्रेक लावला नाही.

गल्लीत मिरचीची पोती आणि मसाल्याचे डबे रस्त्यावर काढून ठेवलेले होते. तुळईखाली टेकू लागले होते, गच्चीच्या कडेच्या दोन विटा खाली आल्या होत्या. गवंड्यानं घण मागं नेलेला दिसला आणि धोंडीराम सायकल टाकून धावला. भिंतीला पाठ लावून तो उभा राहिला. त्याला धाप लागली होती.

"घण खाली ठेवा," तो म्हणाला. "माजी काठी चुकलीया. भिंत रेषेत न्हाय."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग वीरेश पुढं आला, त्याचे डोळे लाल झाले होते. "काका, पंधरा दिस ह्या घरात कोण जेवलं न्हाय नीट. आनि आता चुकली म्हंता?"

धोंडीरामनं मान खाली घालून पट्टीची सगळी हकिगत सांगितली. तोवर बाळासोही आले होते. माझा सोपा मग किती जास्त गेला, असं त्यांनी विचारलं. पंधरा सूत, धोंडीराम म्हणाला. तुझ्याच टेपानं मोज, असं धोंडीरामनं वीरेशला सांगितलं. स्वतः हातही लावला नाही. वीरेशनं मोजलं. मग टेपाचं टोक गवंड्याकडं देऊन पुन्हा मोजलं. भिंत पंधरा फूट तीन सुतांवर होती.

शांतादेवी मिरचीच्या पोत्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. वीरेशची बायको सौंदर्या धावत तिच्यापाशी आली. रडणं थांबल्यावर शांतादेवीची नजर समोरच्या ताडपत्रीवर गेली.

"आनि तुमची भिंत, धोंडीरामभाऊ?"

ताडपत्री बाजूला सारून मीनाबाई बाहेर येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. लक्ष्मीपुरीपासून दाबून ठेवलेला हिशेब आता तिच्या तोंडावर सांगायचा होता, आणि गल्लीपुढं बोलायला लागलं त्यापेक्षा हे त्याला जड गेलं.

"तीबी बाहेरच व्हती," तो म्हणाला. "सात सूत."

धोंडीरामनं खिशातला खडू काढून बाळासोंपुढं धरला. बाळासोंनी तो घेतला नाही.

"आदी फळा नीट करा," ते म्हणाले. "खडू कुनाचा ते मागनं बघू."

सगळी गल्ली मागं उभी असताना त्यानं फळा ओल्या फडक्यानं पुसला. वरच्या ओळीत लिहिलं की धोंडीराम कांबळे याची काठी फुटामागं एक सूत लांब आहे, आधीच्या सर्व खुणा रद्द. खाली एकेक नाव घेऊन नवं माप. सगळ्यात शेवटी आपलं नाव, आणि पुढं, भिंत विनाकारण पाडली. अक्षर नेहमीसारखंच सरळ आलं.

परत आला तर शांतादेवीचे गवंडी त्याच्या दारात विटा उतरवत होते. आजचा दिवस ती माणसं माझीच आहेत, तुमच्याकडं लागू देत, असं तिनं वीरेशकडून सांगून पाठवलं होतं. गवंड्यानं दोरीचं बंडल काढलं आणि भिंत कुठं घेऊ म्हणून विचारलं.

मीनाबाईनं वीरेशच्या हातातला टेप घेतला. त्याचं टोक नवऱ्याच्या हातात दिलं आणि रस्त्यातला खिळा दाखवला. धोंडीराम भर उन्हात डांबरावर उकिडवा बसला. ती टेप सोडत मागं सरकली, जोत्याच्या जुन्या दगडापाशी वाकली आणि आकडा नीट बघितला.

"पंधरा फूट सात सूत," ती समोरच्या माडीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली. "जितं व्हती तितंच घ्या." आणि मग नवऱ्याला, "हलवू नगासा."

गवंड्यानं दोन्हीकडं दोरी बांधेपर्यंत धोंडीरामनं ते टोक खिळ्यावर दोन्ही हातांनी दाबून धरलं.